‘७०१’ म्हणजे नेमके कितवे वर्ष? विद्यापीठांतील कोर्स क्रमांक कसे वाचावेत आणि योग्य पातळी कशी निवडावी

मुंबई विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या ‘सी स्कीम’मध्ये ‘मशीन लर्निंग’ या विषयाचा क्रमांक सीएससी ७०१ आहे आणि तो सातव्या सेमिस्टरला, म्हणजे बी.ई.च्या शेवटच्या, चौथ्या वर्षात शिकवला जातो. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातही मशीन लर्निंगचा १०-७०१ क्रमांकाचा कोर्स आहे. त्याच्या नावात ‘इंट्रोडक्शन’ हा निरुपद्रवी शब्द असला, तरी तो पीएच.डी. करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला आहे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये हाच विषय ४१०२४२ या क्रमांकाने येतो, स्टॅनफर्डमध्ये तो सीएस २२९ आहे, तर जॉर्जिया टेकमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सीएस ४६४१ आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांसाठी सीएस ७६४१ असे त्याचे दोन वेगळे कोर्स आहेत. यांतला सर्वांत मोठा आकडा पुण्याचा आहे, पण तो सर्वांत अवघड कोर्स नाही. आणि सर्वांत लहान आकडा असलेला २२९ हा गणिताच्या दृष्टीने चांगलाच दमवणारा आहे.

मुंबईतून बी.ई. करून मास्टर्ससाठी अमेरिकेला गेलेल्या माझ्या भाचीने पहिल्याच सेमिस्टरला सातशेच्या घरातला एक कोर्स घेतला होता. तिचे म्हणणे असे की, सातशे एक, सातशे दोन हे आकडे तिने बी.ई.ला पाहिलेले होते आणि त्यात तिला कधी केटी लागली नव्हती. पहिला गृहपाठ हातात पडला तेव्हा त्यातले पहिले चार प्रश्न सिद्धता मागणारे होते आणि त्यांपैकी एकातही आकडेमोड नव्हती. चूक तिच्या तयारीत नव्हती, तर एका विद्यापीठाच्या आकड्यांचा अर्थ दुसऱ्या विद्यापीठाच्या आकड्यांना लावण्यात होती. ही चूक टाळण्यासाठी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे पुढे मांडले आहे. अमेरिकेत शिकायला जाणारे विद्यार्थी यात प्रामुख्याने गृहीत धरले असले, तरी महाराष्ट्रातच शिकणाऱ्यांनाही यातला काही भाग लागू पडेल.

क्रमांकाची किल्ली

प्रत्येक विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये कोर्स क्रमांकांची रचना सांगणारे एक पान असते. ते बहुधा कंटाळवाण्या नियमांच्या मधोमध दडलेले असते आणि नवे विद्यार्थी ते हमखास वगळतात. रजिस्ट्रेशनच्या आधी अर्धा तास काढून हे पान शोधावे, आणि त्यातून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. क्रमांकातला कोणता अंक पातळी दाखवतो? पदवीची हद्द कोणत्या आकड्याला संपते? आणि पदवी व मास्टर्स या दोघांनाही चालणारा सामाईक पट्टा कोणता?

अमेरिकेत सर्वाधिक आढळणारी पद्धत तीन अंकी आहे. तिच्यात १०० ते १९९ पहिल्या वर्षाचे, २०० ते २९९ दुसऱ्या वर्षाचे, ३०० आणि ४०० च्या घरातले तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे आणि ५०० च्या पुढचे पदव्युत्तर, असा ढोबळ हिशेब असतो. शंभराच्या खालचे क्रमांक बऱ्याच ठिकाणी, विशेषतः कम्युनिटी कॉलेजांत, पूर्वतयारीच्या कोर्सना दिलेले असतात आणि त्यांची क्रेडिट सहसा पदवीत धरली जात नाहीत. एवढे सगळेच सांगतात. अडचण येते ती अपवादांत, आणि अपवादांत गणली जाणारी विद्यापीठे नेमकी आपल्याकडची मुले जिथे अर्ज करतात त्यांतलीच आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत १ ते ९९ हे पदवीचे खालचे कोर्स, १०० ते १९९ हे पदवीचे वरचे कोर्स आणि २०० ते २९९ हे पदव्युत्तर कोर्स असतात. त्यामुळे तिथला सीएस १८९ हा मशीन लर्निंगचा कोर्स पहिल्या वर्षाचा नसून पदवीच्या उत्तरार्धाचा आहे आणि २८९ए हे त्याचेच पदव्युत्तर रूप आहे. ज्याने १८९ हा आकडा ‘एकशे काहीतरी’ म्हणून हलका समजून घेतला, त्याला लिनिअर अल्जिब्रा आणि संभाव्यता या दोन्हींची उजळणी रात्री जागून करावी लागते. स्टॅनफर्डमध्येही दोनशेचा पट्टा हा पदवीच्या शेवटाचा आणि मास्टर्सच्या आरंभाचा आहे.

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाची पद्धत मात्र अगदीच निराळी आहे आणि ती माहीत नसेल तर माणूस फसतोच. तिथे पहिला अंक पातळी दाखवत नाही, तो क्रेडिटची संख्या दाखवतो. पातळी शेवटच्या दोन अंकांत असते: ०१ ते १९ म्हणजे पदवीचे खालचे कोर्स, २० ते ७९ म्हणजे वरचे आणि ८० ते ९९ म्हणजे पदव्युत्तर. त्यामुळे तिथला एम ४०८सी हा चौथ्या वर्षाचा कोर्स नाही, तर नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा ४ क्रेडिटचा कॅल्क्युलस आहे. आणि सीएस ३९१एल हा तिसऱ्या वर्षाचा नाही, तर ३ क्रेडिटचा पदव्युत्तर मशीन लर्निंगचा कोर्स आहे. टेक्सासच्या कम्युनिटी कॉलेजांत वापरली जाणारी सामाईक क्रमांक पद्धत पुन्हा वेगळी. तिच्यात चार अंक असतात, पहिला अंक वर्षाची पातळी सांगतो आणि दुसरा क्रेडिट. मॅथ २४१३ म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या पातळीचा, ४ क्रेडिटचा कॅल्क्युलसचा पहिला भाग. एकाच राज्यात, एकाच विषयाला, शेजारच्या दोन कॅम्पसवर ४०८ आणि २४१३ असे क्रमांक असतात आणि ते वाचण्याच्या पद्धतीही एकमेकींच्या उलट असतात.

कार्नेगी मेलनमध्ये आडव्या रेषेआधीचे दोन अंक विभाग सांगतात (१५ म्हणजे संगणकशास्त्र, १० म्हणजे मशीन लर्निंग, २१ म्हणजे गणित), आणि रेषेनंतरचा पहिला अंक पातळी. पर्ड्यूमध्ये पाच अंकी क्रमांक दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. सीएस १८००० हा मुळातला १८० आहे आणि मागची दोन शून्ये झाकून वाचले तरी चालते. तिथला ५०००० चा पट्टा पदवीचे वरचे विद्यार्थी आणि मास्टर्सचे विद्यार्थी या दोघांसाठी खुला असतो. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन शाखेत असा दुहेरी पट्टा चारशेचा आहे आणि निव्वळ पदव्युत्तर कोर्स पाचशेपासून सुरू होतात. एमआयटीने तर विभागांनाच आकडे दिले आहेत. तिथले विद्यार्थी ‘मी इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर सायन्स करतो’ असे न म्हणता ‘मी कोर्स सिक्स आहे’ असे म्हणतात. या सहाव्या विभागाने २०२२ मध्ये आपले सगळे क्रमांक बदलले, आणि आधीचा ६.०३६ हा मशीन लर्निंगचा कोर्स ६.३९०० झाला. म्हणूनच सीनियर मित्राने पाठवलेली ‘हे कोर्स घे’ अशी यादी कितीही प्रेमाने दिलेली असली, तरी ती चालू वर्षाच्या कॅटलॉगशी ताडून पाहावी.

लहान आकडा म्हणजे सोपा कोर्स ही समजूत किती तकलादू आहे, याचे नामांकित उदाहरण हार्वर्डचे मॅथ ५५ आहे. हा पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीचा कोर्स आहे, त्याचा क्रमांक शंभराच्याही खाली आहे, आणि पदवी पातळीवरचा गणिताचा अत्यंत खडतर कोर्स म्हणून त्याची ख्याती आहे. क्रमांक देणारे विद्यापीठ ‘हा कोर्स कोणासाठी आहे’ एवढेच सांगत असते. ‘यात किती घाम गाळावा लागेल’ हे सांगण्याची जबाबदारी त्या आकड्यावर कोणी टाकलेली नसते.

क्रमांकाच्या शेपटीला लागणारी अक्षरेही नजरेआड करू नयेत. एल बहुधा प्रयोगशाळेसाठी आणि एच ऑनर्ससाठी असतो, तर ए आणि बी ही अक्षरे एकाच विषयाचे लागोपाठचे भाग दाखवतात. ऑस्टिनच्या ३९१एल मधला एल मात्र प्रयोगशाळेचा नाही, म्हणजे इथेही स्थानिक किल्लीला पर्याय नाहीच. नव्वदीच्या पुढचे आकडे, उदाहरणार्थ ४९९ किंवा ५९९, अनेक विद्यापीठांत स्वतंत्र अभ्यास, सेमिनार, विशेष विषय किंवा प्रबंध यांसाठी राखलेले असतात. अशा कोर्सचे शीर्षक दर सेमिस्टरला बदलू शकते आणि क्रमांक तोच राहतो.

आपल्या गुणपत्रकावरचे क्रमांक

परदेशी विद्यापीठाची किल्ली हाती आली तरी काम अर्धेच झाले, कारण आपल्या स्वतःच्या क्रमांकांचा अर्थ आपल्यापैकी फार थोड्यांनी कधी तपासलेला असतो. पुण्याच्या अभियांत्रिकीच्या क्रमांकांकडे थोडे जवळून पाहावे. २१०२४१, ३१०२४१ आणि ४१०२४१ हे तीन क्रमांक अनुक्रमे दुसऱ्या वर्षाच्या डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचा, तिसऱ्या वर्षाच्या डेटाबेस मॅनेजमेंटचा आणि चौथ्या वर्षाच्या अल्गोरिदमचा आहे. पहिला अंक वर्ष सांगतो आणि त्यापुढचे दोन अंक शाखा: १० म्हणजे संगणक, १४ म्हणजे माहिती तंत्रज्ञान, ०४ म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार. मुंबईच्या सीएससी ३०१, सीएससी ५०१, सीएससी ७०१ या मालिकेत मात्र पहिला अंक वर्षाचा नसून सेमिस्टरचा आहे. म्हणजे मुंबईचा ३०१ दुसऱ्या वर्षाचा आणि पुण्याचा ३१०२४१ तिसऱ्या वर्षाचा. आयआयटी मुंबईत पुन्हा सीएस १०१ हा पहिल्या वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स आहे, तर सीएस ७२५ हा मशीन लर्निंगचा वरच्या पातळीचा कोर्स आहे. त्यांची पद्धत अमेरिकी वळणाची आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात अशा क्रमांकांची एक सामाईक पद्धत सुचवलेली आहे. तिच्यात ० ते ९९ हे विनाक्रेडिट पूर्वतयारीचे कोर्स, १०० ते १९९ पायाभूत, २०० ते २९९ मध्यम, ३०० ते ३९९ उच्च आणि ४०० ते ४९९ प्रगत पातळीचे आहेत. ५०० आणि ६०० चे पट्टे मास्टर्सच्या दोन वर्षांसाठी, आणि ७०० च्या पुढचे आकडे पीएच.डी.साठी आहेत. या हिशेबाने सीएससी ७०१ हा संशोधकांचा कोर्स ठरेल, तो प्रत्यक्षात सातव्या सेमिस्टरचा असला तरी. ट्रान्सक्रिप्टचे परदेशात मूल्यमापन करून घेताना हा घोटाळा दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. म्हणून ट्रान्सक्रिप्टवर सेमिस्टर स्पष्ट छापलेले आहे ना हे पाहावे, आणि नसेल तर प्रत्येक विषयापुढे वर्ष व सेमिस्टर लिहिलेला तक्ता महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी सोबत जोडावा.

महाराष्ट्रात नवे शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाल्यानंतर विद्यार्थ्यांसमोर दोन प्रकारचे आकडे एकदमच आले. एक पातळीचा: ४.५ म्हणजे पदवीचे पहिले वर्ष, ५ म्हणजे दुसरे, ५.५ म्हणजे तिसरे आणि ६ म्हणजे ऑनर्सचे चौथे. दुसरा, नेहमीचा कोर्स क्रमांक. या दोहोंची सरमिसळ करू नये. पुणे विद्यापीठाच्या नव्या रचनेत पहिल्या सेमिस्टरचे विषय १०१ पासून आणि दुसऱ्या सेमिस्टरचे १५१ पासून सुरू होतात, एम.एस्सी.ला तेच ५०१ आणि ५५१ पासून. म्हणजे १५१ हा १०१ पेक्षा वरच्या पातळीचा नसून नुसता पुढच्या सहामाहीचा आहे. ओपन इलेक्टिव्ह निवडताना क्रमांकापेक्षा विद्याशाखा महत्त्वाची ठरते, कारण तो विषय आपल्या मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने विज्ञान शाखेचा १०१ क्रमांकाचा ओपन इलेक्टिव्ह घेतला, तर तो बाहेरच्यांसाठी बेतलेला असतो. त्याच विभागाच्या मेजरचा १०१ आणि हा १०१ यांचा मगदूर एक नसतो.

ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी एवढेच: इंग्लंडमध्ये पदवीची तीन वर्षे म्हणजे लेव्हल ४, ५ आणि ६, मास्टर्स म्हणजे ७ आणि पीएच.डी. म्हणजे ८. स्कॉटलंडची मोजणी वेगळी आहे. तिथे मास्टर्स ११ आणि पीएच.डी. १२ वर येते. एडिंबराच्या एखाद्या मॉड्यूलपुढे (तिकडे कोर्सला मॉड्यूल म्हणतात) ‘लेव्हल १०’ दिसले म्हणून ते इंग्लंडच्या लेव्हल ७ पेक्षा वरचे आहे असे समजू नये, कारण ते पदवीच्या शेवटच्या वर्षाचे असते.

खरी पातळी पूर्वअटीत असते

क्रमांकाने दिशा कळते. निवड मात्र पूर्वअटींच्या ओळीवरून करावी, आणि ती ओळ वकिलाने करारनामा वाचावा तशी वाचावी. ‘अमुक आणि तमुक’ असे लिहिले असेल तर दोन्ही लागतात. ‘किंवा’ असेल तर एक पुरते. ‘सी किंवा त्याहून चांगली श्रेणी’ ही अट स्वतंत्र असते. ‘सह-अट’ असेल तर तो दुसरा कोर्स त्याच सेमिस्टरला सोबत घेता येतो. ‘प्राध्यापकांची संमती’ म्हणजे दार बंद नाही, पण ठोठावावे लागेल. ‘शिफारस’ हा शब्द सौम्य दिसतो, पण माझ्या मते अट आणि शिफारस यांत वर्गात बसल्यानंतर काहीच फरक उरत नाही. ‘या दोन कोर्सपैकी एकाचेच क्रेडिट मिळेल’ अशीही एक ओळ काही ठिकाणी असते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर सेमिस्टर पूर्ण करूनही क्रेडिट हाती लागत नाही.

परदेशातून आलेल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याने आधीचा कोर्स केलेला नसेल तर रजिस्ट्रेशनची प्रणाली त्याला अडवते, कारण आधीचा कोर्स त्याच विद्यापीठाच्या नोंदीत असायला हवा. मास्टर्सच्या विद्यार्थ्याची पदवी दुसऱ्या देशातली असल्याने प्रणालीला त्याच्या नोंदी वाचताच येत नाहीत. त्यामुळे काही ठिकाणी ती सरसकट अडवते, आणि अनेक ठिकाणी पदव्युत्तर कोर्सना अडवतच नाही. बटण दाबल्यावर प्रवेश मिळाला, याचा अर्थ आपली तयारी कोणी तपासली असा होत नाही. ती आपणच तपासायची असते.

कशी तपासावी, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुण्यातून संगणक अभियांत्रिकी केलेल्या विद्यार्थ्याने ३१०२४१ हा डेटाबेसचा विषय उत्तम गुणांनी पूर्ण केला आहे आणि त्याला कार्नेगी मेलनचा १५-६४५ हा डेटाबेस सिस्टिम्सचा कोर्स घ्यायचा आहे, असे समजू. त्याचा पदवीचा क्रमांक १५-४४५ आहे. वर्ग एकच असतो. ‘डीबीएमएस (डेटाबेस मॅनेजमेंट) तर झाले आहे, मग हा सोपा जाईल’ असा विचार सहज मनात येतो. आता दोन्ही सिलॅबस शेजारी ठेवावेत. पुण्याच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने ईआर आकृत्या काढल्या, एसक्यूएलमध्ये जॉइन लिहिले, पीएल-एसक्यूएलमध्ये कर्सर आणि ट्रिगर केले, मोंगोडीबीवर थोडे काम केले. म्हणजे तो तयार डेटाबेस वापरायला शिकला. १५-४४५ चा भर डेटाबेस वापरण्यावर नाही, तो आतून कसा बांधतात ते शिकवण्यावर आहे. बफर पूल, बी प्लस ट्री इंडेक्स, क्वेरी चालवणारे इंजिन आणि समवर्ती व्यवहारांचे नियंत्रण हे भाग विद्यार्थ्याने सी प्लस प्लसमध्ये स्वतः लिहायचे असतात. त्याची पूर्वअट डेटाबेसचा कोणताही कोर्स नाही. ती १५-२१३ आहे, ज्यात मेमरी, पॉइंटर आणि मशीन पातळीवरचा प्रोग्रॅम शिकवतात. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न ‘माझे डीबीएमएस झाले आहे का’ हा नाही, तर ‘मला सी प्लस प्लसमध्ये मेमरीची गळती शोधता येते का’ हा आहे. तीनशे दहाच्या क्रमांकाला सहाशे पंचेचाळीस जोडून पाहणाऱ्याच्या हे कधीच लक्षात येणार नाही.

मशीन लर्निंगमध्येही असेच आहे. कार्नेगी मेलनचे १०-३०१ आणि १०-६०१ हे कोर्स एकत्र शिकवले जातात. एक क्रमांक पदवीच्या मुलांसाठी, दुसरा मास्टर्सच्या. बी.ई.ला हा विषय केलेल्या विद्यार्थ्याने १०-६०१ घेणे म्हणजे मागे जाणे, अशी भावना होते. तसे मानण्याचे कारण नाही. बी.ई.ला आपण बहुधा पद्धतींची नावे, त्यांचे टप्पे आणि तयार लायब्ररीतून त्या चालवणे शिकलेलो असतो. त्या पद्धती का चालतात हे गणिताने मांडण्याची सवय लागलेली नसते. त्याच विषयाचा खालचा क्रमांक घेणे कमीपणाचे नाही, हे मी भाचीला फोनवर तासभर समजावले होते आणि ते तिला माझ्यापेक्षा दुसऱ्या गृहपाठाने लवकर पटवले.

म्हणून कोणताही वरचा कोर्स घेण्याआधी मागच्या सेमिस्टरचा सिलॅबस मिळवावा, पहिल्या गृहपाठाचा किंवा असल्यास ‘होमवर्क झिरो’चा, म्हणजे पूर्वतयारी तपासणाऱ्या गृहपाठाचा कागद काढावा आणि तो दोन संध्याकाळी, कोणालाही न विचारता, सोडवायला बसावे. स्टॅनफर्डच्या सीएस २२९ सारख्या कोर्सचे असे साहित्य खुले उपलब्ध असते. निम्म्याहून अधिक प्रश्नांची सुरुवात कशी करावी हे सुचत असेल, भले उत्तर पूर्ण निघाले नाही, तर कोर्स आपल्या आवाक्यात आहे. प्रश्नातली चिन्हेच ओळखीची नसतील, तर एक पायरी खाली उतरावे. प्राध्यापकांना ईमेल पाठवायची झाल्यास ‘मी फार मेहनती आहे’ असे लिहू नये. आपल्या विषयाचे नाव, त्यातली युनिट, वापरलेले पुस्तक आणि केलेला प्रकल्प चार ओळींत लिहावा आणि सोबत सिलॅबस जोडावा. त्यांना निर्णय घ्यायला तेवढेच लागते.

बारावीनंतर थेट पदवीसाठी जाणाऱ्यांचा प्रश्न बहुधा गणितापुरता असतो: कॅल्क्युलसचा पहिला भाग घ्यावा की दुसरा? बारावी सायन्सला डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन दोन्ही झालेले असते, त्यामुळे पहिला भाग ओळखीचा वाटतो. विद्यापीठाची प्लेसमेंट परीक्षा असेल तर ती आदल्या रात्री उजळणी न करता, जसे येते तसेच द्यावी, असे माझे ठाम मत आहे; उसन्या तयारीने मिळवलेली जागा ऑक्टोबरमध्ये टोचू लागते. पुढे विद्यापीठ बदलण्याचा विचार असेल, तर फ्लोरिडासारख्या राज्यातली सामाईक क्रमांक पद्धत फार कामी येते. तिथल्या सार्वजनिक संस्थांत एमएसी २३११ म्हणजे कॅल्क्युलसचा पहिला भाग, मग कॉलेज कोणतेही असो.

क्रेडिट, भार आणि व्हिसा

कोर्स झेपतो एवढे पुरेसे नसते. तो आपल्या पदवीत मोजला जायला हवा. इलिनॉयच्या व्यावसायिक एम.सी.एस. पदवीला ३२ क्रेडिट लागतात आणि त्यांतली किमान १२ पाचशेच्या पट्ट्यातली असावी लागतात. आवडले म्हणून चारशेचेच कोर्स घेत गेलेला विद्यार्थी शेवटच्या सेमिस्टरला तीन पाचशेचे कोर्स एकदम घेऊन बसतो. शिवाय तिथल्या चारशेच्या काही कोर्सना पदवीच्या विद्यार्थ्याला ३ आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला ३ किंवा ४ क्रेडिट असतात. चौथे क्रेडिट जादा कामाचे असते. त्यामुळे आपल्या पदवीच्या नियमांचे पान आणि क्रमांकांचे पान ही दोन्ही शेजारी ठेवून, सगळ्या सेमिस्टरचा कच्चा आराखडा पहिल्याच महिन्यात मांडावा.

भाराचा अंदाज क्रेडिटवरून बांधता येतो. अमेरिकेत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास बाहेरचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे ३ क्रेडिटचा कोर्स आठवड्याला ९ तास मागतो. कार्नेगी मेलनमध्ये क्रेडिटऐवजी युनिट असतात आणि १२ युनिट म्हणजे थेट आठवड्याचे १२ तास. त्यांचे ३ युनिट इतरांच्या एका क्रेडिटएवढे धरतात. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक, आणि घरच्या अभ्यासाचा हिशेब कोणी फारसा मागत नाही. प्रोग्रॅमिंगचे जड प्रकल्प असलेले दोन कोर्स एकाच सेमिस्टरला घेऊ नयेत. एक जड, एक मध्यम आणि एक वाचनाचा किंवा सेमिनारचा, अशी जुळणी पहिल्या सेमिस्टरला बरी पडते.

एवढे करूनही निवड चुकली, तर वेळ फार थोडा असतो. दंड न लागता कोर्स बदलण्याची मुदत सहसा पहिल्या एक-दोन आठवड्यांत संपते आणि त्यानंतर कोर्स सोडल्यास ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याचा शेरा उमटतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्यासाठी यात आणखी एक गाठ आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट ठेवावी लागतात, पदव्युत्तरची मर्यादा विद्यापीठ ठरवते आणि ती बऱ्याच ठिकाणी ९ असते. ऑनलाइन कोर्सपैकी एकच, म्हणजे ३ क्रेडिटपर्यंत, या संख्येत धरला जातो. मर्यादेखाली जायचे असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयातील नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. ती देण्याच्या कारणांत अमेरिकी नियमांनी ‘चुकीच्या पातळीच्या कोर्समध्ये बसवले जाणे’ हे कारण स्पष्ट शब्दांत नमूद केलेले आहे. मात्र शैक्षणिक अडचणीपोटीची ही सवलत पदवीच्या एका पातळीवर एकदाच मिळते, त्या सेमिस्टरला किमान ६ क्रेडिट किंवा निम्मा भार ठेवावा लागतो आणि पुढच्या सेमिस्टरला पुन्हा पूर्ण भार घ्यावा लागतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी ॲडव्हायझरशी बोलावे, मग त्या अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी घ्यावी, ती नोंदीत चढल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच कोर्स सोडण्याचे बटण दाबावे.